वाळवंटातील वनस्पती, पक्षी आणि रस्त्याकडेची दृश्ये : हौशी छायाचित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरांत महागड्या साधनांची चर्चा कमी आणि प्रकाश, तापलेली हवा व अंतर यांची चर्चा अधिक आढळेल, कारण वाळवंटातील बहुतेक फसलेल्या छायाचित्रांचे मूळ याच तीन गोष्टींत सापडते.

वाळवंटात प्रत्यक्ष उभे असताना दृश्य भारावून टाकते, पण छायाचित्रात ते रिकामे आणि एकसुरी का दिसते?

याचे एक कारण सवयीचे आहे. आपण उभे राहून, रुंद कोनाच्या लेन्सने आणि बहुधा भर उन्हात छायाचित्र घेतो. उभ्या माणसाच्या नजरेला जमीन एका सपाट पट्ट्यासारखी दिसते, रुंद लेन्स झुडपांचे ठिपके करून टाकते आणि डोक्यावरचे ऊन सावल्याच शिल्लक ठेवत नाही. दुसरे कारण वनस्पतींच्या जगण्याशी निगडित आहे. वाळवंटातील झुडपे बरेचदा एकमेकांपासून अंतर राखून वाढलेली दिसतात, कारण तुटपुंज्या ओलाव्यासाठी त्यांच्या मुळांमध्ये जमिनीखाली स्पर्धा चालू असते आणि ही मुळे झुडपाच्या घेरापलीकडे कितीतरी दूर पसरलेली असतात. दोन झुडपांमधली जी जागा आपल्याला मोकळी वाटते, ती जमिनीखाली भरलेलीच असते.

हे एकदा लक्षात आले की चौकटीतील मोकळी जागा भरून काढण्याची धडपड थांबते. गुडघे टेकून कॅमेरा झुडपाच्या निम्म्या उंचीवर आणावा, एकच झुडूप निवडावे, त्याच्या भोवतीची जमीन मुद्दाम चौकटीत ठेवावी आणि पुढचे झुडूप पार्श्वभूमीला किंचित अस्पष्ट राहू द्यावे; अंतर जाणवते ते अशा मांडणीत. क्षितिजरेषा प्रत्येक छायाचित्रात हवीच असेही नाही. छायाचित्रकार फ्रेडरिक सॉमर यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटाची जी छायाचित्रे घेतली, त्यांपैकी अनेकांत क्षितिज वगळलेले आहे. खडक, निवडुंग आणि उतार यांनी चौकट काठोकाठ भरते आणि डोळ्याला विसाव्याची जागाच मिळत नाही. वाळवंट म्हणजे वर निळे आकाश आणि खाली पिवळी वाळू, या ठरीव चित्रापासून दूर जाण्याचा हा एक उत्तम सराव आहे.

यासाठी कोणता कॅमेरा आणि कोणत्या लेन्स लागतात?

वनस्पती आणि रस्त्याकडेची दृश्ये यांसाठी चांगला मोबाइलसुद्धा पुरतो. पक्ष्यांसाठी मात्र ३०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फोकल लांबीची लेन्स असावी, आणि लहान फुलांसाठी मॅक्रो लेन्स असल्यास सोय होते. दोन कॅमेरे असतील तर एकावर लांब आणि दुसऱ्यावर लहान लेन्स कायम ठेवावी. उघड्यावर लेन्स बदलण्याची वेळच आली नाही, तर धुळीचा निम्मा प्रश्न सुटतो.

छायाचित्रणासाठी दिवसाची कोणती वेळ योग्य असते?

सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे दीड-दोन तास सर्वोत्तम, हे सर्वज्ञात उत्तर खरे आहे. पण त्यामागील कारण नीट समजून घेतलेले बरे. तिरप्या उन्हात वाळूवरील लहरी, खडकांवरील चिरा आणि निवडुंगाच्या खोडावरील उभे कंगोरे यांना स्वतःच्या सावल्या मिळतात, आणि त्यामुळेच त्यांचा उठाव दिसतो. सकाळी हवा थंड असते, पक्षी खाण्यासाठी बाहेर पडलेले असतात आणि वारा बहुधा पडलेला असतो, म्हणून संध्याकाळपेक्षा सकाळ श्रेयस्कर मानावी.

दुपार पूर्णपणे वाया जाते असे मात्र समजू नये. रस्त्याकडेच्या पांढऱ्या भिंती, पत्र्याची छपरे, बंद पडलेले पेट्रोल पंप, दिशादर्शक फलक अशा कडक रेषांच्या वस्तूंना दुपारचे कडक ऊनच शोभते. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास तर फार लोक दुर्लक्षित करतात. त्या वेळच्या सावलीरहित, मऊ प्रकाशात पांढऱ्या आणि फिकट पिवळ्या फुलांच्या पाकळ्यांचा पोत पूर्णपणे दिसतो, आणि उन्हात जी फुले केवळ पांढरे डाग म्हणून उमटतात त्यांच्यातील शिरासुद्धा मोजता येतात.

वाळूची छायाचित्रे करडी आणि काळपट का येतात?

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजळपणाचे आहे असे गृहीत धरतो. उजळ वाळूने चौकट व्यापली की तो प्रकाश कमी करतो आणि वाळू मळकट दिसते. एक्स्पोजर भरपाई (मापकाने ठरवलेला प्रकाश आपण वाढवण्या-घटवण्याची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉपपर्यंत वाढवावी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), मग हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, पाहून उजळ भाग उजव्या कडेला कापले जात नाहीत याची खात्री करावी. उजळ आकाशासमोर बसलेल्या गडद पक्ष्यासाठीही याच दिशेने, कधी कधी याहून अधिक, भरपाई लागते. उलट, गडद खडकासमोरील पांढऱ्या फुलासाठी ती कमी करावी लागते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, छायाचित्र घेतल्यास अशा चुका बऱ्याच अंशी सुधारता येतात. परंतु पाकळ्यांचा एकदा पूर्णपणे पांढरा पडलेला भाग कोणत्याही फाइलमधून परत मिळत नाही.

लेन्स उत्तम आहे, ट्रायपॉड आहे, शटरचा वेगही पुरेसा आहे. तरीही दूरचे पक्षी पुसट का येतात?

बहुतेक वेळा दोष लेन्सचा नसून हवेचा असतो. उन्हात जमीन हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. इराणमधील लूत वाळवंटात २००५ साली उपग्रहाने जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान ७०.७ अंश सेल्सिअस नोंदवले होते. अशा जमिनीलगतची तापलेली, विरळ हवा वर चढते, वरची थंड हवा खाली उतरते आणि या वेगवेगळ्या घनतेच्या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. डोळ्यांना ही लवलव जाणवतेच. लांब लेन्स पक्ष्याबरोबर ती लवलवही मोठी करून दाखवते. त्यामुळे ६०० मिलिमीटरची लेन्स घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट कित्येकदा वाढतो. मागाहून संगणकावर तीक्ष्णता वाढवली तर पिसांच्या जागी केवळ खरखरीत ठिगळे दिसू लागतात.

उपाय एकच आहे: आपल्यात आणि पक्ष्यात तापलेली हवा शक्य तितकी कमी ठेवणे. सकाळी लवकर जावे, अंतर कमी करावे, आणि जमिनीवरील पक्ष्याऐवजी झुडपाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी निवडावा, कारण जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी ही लवलव कमी होत जाते. जमिनीवर आडवे होऊन पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरून छायाचित्र घेण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. पहाटे तो उत्तम आहे. पण ऊन चढल्यावर त्याच पद्धतीने सर्वाधिक तापलेल्या थरातून पाहावे लागते, हे सांगणे बहुतेक जण विसरतात. लवलव फार असेल तर सलग वीस-पंचवीस छायाचित्रे घ्यावीत. हवा क्षणभर स्थिरावते तेव्हाची एखादी चौकट इतरांपेक्षा स्पष्ट निघते. तीही निघाली नाही, तर दूरचा पक्षी सोडून जवळच्या वनस्पतीकडे वळावे, हे अधिक शहाणपणाचे.

गाडीतून छायाचित्रे घ्यावीत का?

अवश्य घ्यावीत. अनेक पक्षी चालत्या माणसाला घाबरतात, पण थांबलेल्या गाडीकडे दुर्लक्ष करतात. इंजिन बंद करावे, काच पूर्ण खाली घ्यावी आणि दरवाजाच्या कडेवर बीन बॅग (दाण्यांनी भरलेली मऊ पिशवी) ठेवून लेन्स टेकवावी. वातानुकूलन चालू असताना काच उघडून लगेच छायाचित्र घेतल्यास आतली थंड आणि बाहेरची उष्ण हवा खिडकीपाशीच मिसळते आणि वर सांगितलेली लवलव लेन्सच्या तोंडाशीच तयार होते. म्हणून काच उघडून काही मिनिटे थांबावे. तापलेल्या बॉनेटवरून छायाचित्र घेणे टाळावे.

काटेरी वनस्पतींचे छायाचित्र प्रभावी कसे होईल?

सूर्य वनस्पतीच्या मागे असावा आणि पार्श्वभूमीला सावलीतला डोंगर किंवा गडद झुडूप असावे. चोया जातीच्या निवडुंगांच्या काट्यांवर कागदासारखे पातळ आवरण असते आणि मागून येणाऱ्या तिरप्या प्रकाशात संपूर्ण झाडाभोवती उजळ कडा दिसते. सूर्य थेट लेन्सवर पडत असेल तर हुड लावावे, नाहीतर हाताची किंवा टोपीची सावली धरावी. ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवल्यास काट्यांचा पुरेसा भाग स्पष्ट राहतो. अगदी जवळून मात्र एवढेही अपुरे पडते, आणि मग कोणत्या एका काट्याच्या गुच्छावर फोकस हवा हे आपल्यालाच ठरवावे लागते.

चोयाच्या काट्यांना सूक्ष्म उलटे आकडे असतात आणि त्याचे सांधे, म्हणजे खोडाचे जोडलेले तुकडे, किंचित धक्क्यानेही सुटून अंगाला चिकटतात. ते हाताने ओढू नयेत; खिशातील कंगवा सांध्याखाली सरकवून तो झटकन उडवावा. छायाचित्रणाच्या पिशवीत कंगवा ठेवण्याचा सल्ला ऐकून लोक हसतात, पण एकदा गरज पडल्यावर पुन्हा कोणी हसत नाही.

प्रत्येक काटेरी, मांसल वनस्पती निवडुंग कुळातलीच असते का?

नाही. निवडुंगांचे कुळ, एका जातीचा अपवाद वगळता, मूळचे अमेरिका खंडांतील आहे. आफ्रिका व आशियाच्या कोरड्या प्रदेशांत नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या तशाच दिसणाऱ्या वनस्पती बहुधा युफोर्बिया वर्गातील असतात. सारख्या परिस्थितीने दोन वेगळ्या कुळांना सारखी रूपे दिली आहेत. निवडुंगाचे काटे लोकरीसारख्या छोट्या उशीतून गुच्छाने निघतात; युफोर्बियात ती उशी नसते, काटे अनेकदा जोडीने येतात आणि खोड दुखावल्यास पांढरा चीक गळतो. हा चीक डोळ्यांना घातक असल्याने ओळख पटवण्यासाठी खोडाला चिरा देऊ नयेत. काट्यांच्या तळाचे जवळून घेतलेले छायाचित्र पुरेसे असते.

फुले केव्हा मिळतील हे कसे ओळखावे?

दिनदर्शिकेपेक्षा पावसावर लक्ष ठेवावे. वर्षायू (एकाच हंगामात जगून संपणाऱ्या) वनस्पतींची बीजे पुरेसा पाऊस होईपर्यंत वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहू शकतात, त्यामुळे एखाद्या वर्षी जो माळ रंगांनी भरतो तोच पुढील वर्षी कोरा असतो. ओकोटियोसारखे झुडूप पावसानंतर काही दिवसांतच पानांनी भरते आणि ओल संपताच ती पाने गाळून टाकते. मोठ्या निवडुंगांचे वेळापत्रक तुलनेने ठरलेले असते. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोरन वाळवंटातील साग्वारो या उंच निवडुंगाला साधारण एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत फुले येतात. प्रत्येक फूल संध्याकाळनंतर उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटते. रात्री वटवाघळे आणि सकाळी कबुतरे व मधमाश्या तिथे येत असल्याने सकाळच्या पहिल्या तासात फूल आणि पाहुणा दोन्ही एका चौकटीत मिळण्याची शक्यता अधिक असते.

डांबरी रस्त्याची कड या बाबतीत विशेष पाहण्यासारखी असते. रस्त्यावर पडलेले पाणी मुरत नाही, ते कडेला वाहून जाते. त्यामुळे आतल्या माळावर काहीच नसताना रस्त्यालगतच्या पट्ट्यात झाडे हिरवी आणि फुललेली आढळतात. दूर चालत जाण्यापूर्वी तो पट्टा नीट पाहावा.

वाळवंटात पक्षी शोधायचे तरी कुठे?

पाणी, सावली आणि उंच बैठक या तीन जागी. पखुर्ड्या (सँडग्राउज) कोरडे बी खातात, त्यामुळे त्यांना पाण्यावर यावेच लागते. अनेक जाती ठरावीक वेळी थव्याने पाणवठ्यावर उतरतात. पिले असतील तर नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी मैलोगणती दूर पिलांपर्यंत नेतो. हे भिजणे टिपायचे असेल तर थवा येण्यापूर्वीच आडोशाला जाऊन बसावे आणि थवा पूर्ण उडून जाईपर्यंत हलू नये. खाटीक पक्षी तारा, खांब आणि काटेरी झुडपांचे शेंडे सोडत नाही. तो किडे व सरडे काट्यांवर टोचून ठेवतो, त्यामुळे असे टोचलेले भक्ष्य दिसल्यास झुडपापासून दूर थांबून वाट पाहावी. साग्वारोच्या खोडातील गोल भोके गिला सुतार पक्ष्याने कोरलेली असू शकतात आणि त्याने सोडलेल्या ढोलीत चिमणीएवढे एल्फ घुबड राहते. संध्याकाळी ते ढोलीच्या तोंडाशी येते.

घरट्याच्या किती जवळ जावे?

जवळ जाऊच नये. धाविक, टिटव्या, पखुर्ड्या असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि भर उन्हात त्यांच्यावर सावली धरून बसतात. अशा पक्ष्याला उठवले तर उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात तापून नष्ट होऊ शकतात. इथे थंड प्रदेशाप्रमाणे अर्धा तास सवड मिळत नाही. पक्षी मान ताठ करून पाहू लागला, लंगडण्याचे सोंग करू लागला किंवा ओरडत घिरट्या घालू लागला, तर आपण आधीच फार जवळ आलो आहोत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावणेही टाळावे. उष्ण दिवशी प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्याला पाण्याच्या रूपाने महाग पडते.

रस्त्याकडेच्या दृश्यांत नेमके काय टिपावे?

या विषयाकडे उरलेल्या वेळेचा उद्योग म्हणून पाहिले जाते, ते योग्य नाही. वाळवंटात माणसाच्या खुणा चटकन कुजत नाहीत. गंजलेला फलक, ओसाड थांबा, टायरांचा ढीग, रंग उडालेली भिंत या वस्तू दशकानुदशके उन्हात उभ्या राहतात आणि त्यांच्याभोवती गर्दी नसल्याने त्यांचा आकार स्वच्छ दिसतो. १९७५ साली अमेरिकेतील रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या छायाचित्रणाच्या संग्रहालयात भरलेल्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ या प्रदर्शनाने माणसाने बदललेल्या साध्यासुध्या भूदृश्यालाही गंभीर छायाचित्रणाचा विषय म्हणून पुढे आणले. हौशी छायाचित्रकाराला त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे समोरासमोर उभे राहून, सरळ रेषा सरळ ठेवून, नाट्यमय आकाशाची वाट न पाहता छायाचित्र घेणे.

लेन्सची निवड इथे अर्थ बदलते. सरळ रस्ता लांब लेन्सने टिपला की खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि चढउतार ठळक होतात. रुंद लेन्सने तोच रस्ता अंतहीन वाटतो. दूरवर डांबरावर चमकणारे पाणी म्हणजे तापलेल्या हवेत वाकलेला आकाशाचा प्रकाश असतो. पक्ष्यांचे छायाचित्र बिघडवणारी ती लवलव इथे मात्र चित्राचा विषय होऊ शकते. लांब लेन्स लावून, रस्त्याच्या पातळीजवळ बसून ती टिपावी, अर्थात रस्त्याच्या कडेला बसून, मधोमध नव्हे.

गाडी पूर्णपणे रस्त्याबाहेर, पण टणक जमिनीवर थांबवावी, कारण मऊ वाळूत चाके रुततात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नये. दूर कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येऊ शकतो. माणसांचे छायाचित्र विचारून घ्यावे. सीमाभाग, लष्करी ठाणी आणि तत्सम प्रतिष्ठाने यांच्या परिसरात स्थानिक निर्बंध आधी वाचावेत. ड्रोनचेही तसेच, अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत तर २०१४ पासून त्यावर बंदी आहे.

धूळ आणि उष्णतेपासून कॅमेरा कसा सांभाळावा?

लेन्सवर धूळ बसल्यास आधी हवेच्या फुग्याने ती उडवावी आणि मगच कापड लावावे. वाळूचे कण कापडाखाली घासले गेले तर लेन्सच्या लेपावर कायमचे ओरखडे पडतात. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत कॅमेरा आणि बॅटऱ्या ठेवू नयेत. रात्री वाळवंट चांगलेच गारठते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे ताऱ्यांची छायाचित्रे घेताना जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी.

छायाचित्रासाठी वाट सोडून चालणे चालते का?

वाट नसेल तर खडकावरून किंवा कोरड्या वाळूच्या पात्रातून चालावे. अनेक वाळवंटांत जमिनीवर नीलहरित जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांचा खडबडीत, गडद थर असतो. तो माती धरून ठेवतो आणि एका पावलाने मोडल्यावर पूर्ववत व्हायला दशके लागू शकतात. फुलांच्या गालिच्यात बसून काढलेल्या छायाचित्रांचा परिणामही पाहण्यात आला आहे. मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर येथे पॉपीची फुले पाहायला एवढी गर्दी लोटली की वॉकर कॅन्यनमधील प्रवेश काही काळ बंद करावा लागला. गालिच्याच्या कडेवरून, लांब लेन्सने, खाली बसून घेतलेल्या छायाचित्रात फुले अधिक दाट दिसतात, त्यामुळे आत शिरण्याचे छायाचित्रणाच्या दृष्टीनेही कारण उरत नाही.

छायाचित्रासोबत ठिकाण जाहीर करावे का?

सामान्य वनस्पतींच्या बाबतीत हरकत नाही. दुर्मीळ मांसल वनस्पती आणि घरटी यांचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या पश्चिम भागातून कोनोफायटमसारख्या इवल्या वनस्पती मोठ्या प्रमाणावर चोरून विकल्या जातात, आणि साग्वारो राष्ट्रीय उद्यानात चोरी रोखण्यासाठी काही निवडुंगांमध्ये सूक्ष्म चिप बसवलेल्या आहेत. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. ते काढून टाकल्याशिवाय फाइल कोणाला पाठवू नये. मागे ओळखू येणारा डोंगर किंवा फलक दिसत असेल तर केवळ ती नोंद काढून भागत नाही.

संगणकावर रंग किती वाढवावेत?

फारच थोडे. वाळवंटाचे रंग मुळात दबलेले असतात: करडा हिरवा, राखाडी, मातकट गुलाबी. ते वाढवले की सर्व वाळवंटे एकसारखी नारिंगी दिसू लागतात आणि पक्ष्याचा जमिनीशी मिळताजुळता रंग, जो त्याचा बचाव आहे, तोच नाहीसा होतो. ध्रुवीकरण फिल्टरही बेताने वापरावा. रुंद लेन्सवर त्याने आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिकट होतो.

ओळख पटवण्यासाठी कोणती छायाचित्रे घेऊन ठेवावीत?

देखणे छायाचित्र आणि ओळखीचे छायाचित्र बहुधा एक नसते. वनस्पतीचे संपूर्ण रूप, खोडाचा भाग, काट्यांचा किंवा पानाचा तळ, फूल समोरून आणि बाजूने, तसेच फळ असल्यास तेही टिपावे. मापासाठी शेजारी एखादे नाणे किंवा पेनाचे टोपण ठेवून एक छायाचित्र घ्यावे. चंडोलांसारख्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत चोचीची जाडी, छातीवरील रेषा आणि उडतानाची शेपटीची कडा दिसेल असे पाहावे. त्यांपैकी एखादे छायाचित्र पुसट असले तरी ते पुसून टाकू नये, कारण तज्ज्ञाला कित्येकदा त्यातलीच शेपटीची कडा उपयोगी पडते. २००२ पासून चालू असलेले ई-बर्ड आणि २००८ मध्ये सुरू झालेले आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या दोन्ही संकेतस्थळांवर अशा नोंदी तारीख व जागेसह देता येतात, आणि आय-नॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण सहसा आपोआप झाकले जाते.